आठ नंबरचा पाय

मेजर दिघ्यांनी मला कांद्याच्या काट्यावर उभं केलं, खाली वाकून आकडा वाचला आणि खूश झाले.

"चोपन्न. अगदी चोपन्न."

चोपन्न किलो भरण्यात खूश होण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. काटा क्लबच्या स्वयंपाकघरातला. दर गुरुवारी त्यावर कांदे-बटाटे तोलून घ्यायचे. मी उतरले तेव्हा तळव्यांना सालं चिकटली होती. मेजरांनी खिशातून एक चिठ्ठी काढली, तीवर खूण केली आणि परत घडी घालून ठेवली.

"चल ठकूबाई, आज तुझी परीक्षा. सालेभाई मुंबईहून तीन जोड घेऊन आलाय. तू घालून बघायचे आणि कुठला बेस्ट ते सांगायचं. तुझ्याइतकं इथं कुणाला कळतंय?"

हे शेवटचं वाक्य त्यांनी टाकलं नसतं, तर पुढचं सगळं मी जरा सावध राहून केलं असतं. पण सात वर्षं त्या क्लबात पाण्यात तरंगायची जॅकेटं धुणाऱ्या बाईला असं वाक्य आजवर कुणी ऐकवलं नव्हतं.

ही सत्त्याण्णवच्या एप्रिलातली गोष्ट. मी सव्वीस वर्षांची. लग्न होऊन वर्षाच्या आत माघारी आलेली. का आले ते सांगत बसत नाही. मारत होता, एवढं पुरे. निघाले तेव्हा सासू दारात उभी राहून शेजारणीला म्हणाली, "पाय बघ तिचे. सून म्हणून आणली आन् निघाला बैल." माझे पाय खरंच मोठे. आठ नंबर. बाटाच्या दुकानात गड्यांच्या बाजूला बसून चप्पल घ्यावी लागते. डोंगरातली धनगराची पोर, अनवाणी चाललेली, पाय पसरणार नाहीत तर काय होईल.

क्लब धरणाच्या पाण्यावर. त्या पाण्याखाली आमचं कोंढाळ. गाव बुडालं तेव्हा मी चार वर्षांची होते. ज्यांचं गाव गेलं त्यांच्यातल्या दोघांना क्लबनं नोकरी दिली, त्यातला एक माझा बा, धाऊ मरगळे. तो स्पीडबोट चालवायचा. आमच्याच घरावरून मेंबरांना दोरीनं ओढत न्यायचं, ही त्याची नोकरी. दुसरा दारू पिऊन मेला.

सालेभाईनं आणलेल्या जोडांना मेंबर स्की म्हणायचे, आम्ही फळ्या म्हणायचो. बोटीला लांब दोरी, दोरीला दांडी. पायात फळ्या घालून पाण्यात बसायचं, दांडी धरायची आणि बोट सुटली की उभं राहायचं. मला हे कुणी शिकवलं नाही. पावसाळ्यानंतर इंजिन उघडलं की बोट नीट ओढते का ते बघायला मागे कुणीतरी लागायचं. मेंबर पुण्यात. मग बा मला बसवायचा. मेंबर आपापल्या फळ्या आणायचे; क्लबाची जुनी एकच जोडी, थर सुटलेली, मी ती सायकलच्या ट्यूबनं आवळून घालायचे. सात वर्षांत मी तिच्यावर जे शिकले ते मेंबरांतल्या एकालाही येत नव्हतं. अंगात पंजाबी ड्रेस, वर जॅकेट. ओढणी तेवढी किनाऱ्यावर ठेवायचे.

त्या वर्षी मेजरांनी ठरवलं की एक मेपासून बायकांची बॅच सुरू करायची. मेजर क्लबचे सेक्रेटरी. शिकवायला बाईच हवी. जी शिकवणार तिला क्लबच्या मागची खोली मिळणार होती. मी तेव्हा जॅकेटांच्या शेडमध्ये झोपायचे, कारण घरात खोली एक आणि भाऊ-भावजय नवी. शेडला बाहेरून कुलूप होतं, आतून काही नव्हतं. रात्री मी दाराला इंजिनाचा डबा लावायचे. मागच्या खोलीला आतून कडी होती. मी एकदा झाडायला गेले होते तेव्हा ती तीन वेळा लावून बघितली होती.

मेजरांना मी विचारलंही होतं. ते म्हणाले होते, "बघू. आधी नव्या स्की तर येऊ देत." आणि आता स्की आल्या होत्या, आणि निवडायला मला सांगत होते. तुम्ही काय समजला असता?

सालेभाईनं तिन्ही जोड धक्क्यावर मांडले. लठ्ठ, घामाघूम माणूस, पाण्याजवळ जायला भ्यायचा आणि पाण्याचं सामान विकायचा. त्यानं मला सगळं समजावून सांगितलं, जणू मी पहिल्यांदाच बघतेय. हे तिन्ही कॉम्बिनेशन जोड. म्हणजे शिकताना दोन्ही पायांत एकेक फळी, आणि जमायला लागलं की एक पाण्यात सोडून द्यायची आणि दुसरीवरच दोन्ही पाय ठेवायचे. म्हणून त्या दुसरीवर मागे एक जादा पट्टा. फळीवर बसवलेल्या रबराच्या जोड्यात पाय घालायचा, टाचेचा तुकडा मागेपुढे सरकतो, खाली पट्टीवर आकडे.

मी पाय घातला. टाच आत जाईना.

"सगळे पाचावर आहेत," मी म्हटलं.

सालेभाईनं माझ्या पायाकडे बघितलं आणि मग मेजरांकडे. मेजर म्हणाले, "सरकव रे, आजच्यापुरतं." तो कुरकुरत खाली बसला आणि तिन्ही जोड आठावर नेले. आजच्यापुरतं हा शब्द मी ऐकला. ऐकून सोडून दिला.

मेजरांनी मग मला पाठमोरं उभं केलं आणि न सांगता मागून ढकललं. मी डावा पाय पुढे टाकून सावरले. "डावा," ते म्हणाले आणि चिठ्ठीवर पुन्हा बघितलं. "छान. डावाच." ढकलल्यावर जो पाय पुढे येतो तो एका फळीवर पुढे ठेवायचा, हे मला ठाऊक होतं. विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

पहिला जोड निळा, चांगला रुंद, टोकांजवळ दोन्ही फळ्या दोरीनं एकमेकींना बांधलेल्या, पाय फाकू नयेत म्हणून. बोट सुटली आणि मी उठले कधी ते मलाच कळलं नाही. खाटेवर उभं राहिल्यासारखं. दोन फेऱ्या मारून परत आले.

"कसा आहे?" मेजरांनी विचारलं.

"यावर म्हैस पण उभी राहील."

सालेभाई पोट धरून हसला. मेजरही हसले. मला बरं वाटलं. माझ्या बोलण्यावर ती माणसं हसत होती, माझ्यावर नाही.

दुसरा जोड मधलाच. वेग घेतला की डावी फळी थरथरायची, दात वाजल्यासारखी. तीन फेऱ्या मारल्या, पट्टा बदलून परत दोन. तिसरा काळा, अरुंद, टोकाला निमुळता. त्यावर मी चार वेळा पडले. नाकातोंडात पाणी, कानात पाणी. त्यावर उठायचं तर गुडघे छातीशी धरून शेवटच्या क्षणापर्यंत थांबावं लागायचं, जरा घाई केली की फळ्या दोन दिशांना पळायच्या. पाचव्यांदा उठले.

आणि मग काय सांगू. फळी पायाचं ऐकत होती. मनात वळायचं आलं की ती वळलेली असायची.

एप्रिलात पाणी उतरलेलं. खाली आंब्यांचे आणि जांभळींचे बुंधे उभे, ते वीत-दोन वीत पाण्याखाली येतात. बाची वाट ठरलेली होती. जुन्या नदीवरून जायचं, मारुतीच्या देवळापासून डावीकडे घ्यायचं, पाटलांच्या विहिरीला वळसा घालायचा. किनाऱ्यावरच्याला नुसतं सपाट पाणी दिसायचं. आमचं खळं लागलं की तो डावा हात वर करायचा. खळ्यावर झाड नाही, दगड नाही, म्हणून एक फळी सोडायची ती तिथे. त्यानं हात वर केला, मी उजवा पाय काढला, फळी सुटून मागे राहिली, आणि मी एका काळ्या फळीवर, दोन्ही पाय एकामागे एक, आमच्या खळ्यावरून गेले. पाण्याची भिंत उठली माझ्या बाजूनं. बा वळून बघत होता. बोट चालवताना तो कधी मागे वळायचा नाही.

दुपारी भाकरी खाल्ली आणि पुन्हा उतरले. मेजरांना वाऱ्यात बघायचं होतं. मग दोरी आखूड करून. मग पुन्हा पहिला, तुलनेसाठी. सोळा फेऱ्या झाल्या. तळहातांची कातडी सोलून निघाली. मांड्या अशा थरथरत होत्या की धक्क्याच्या पायऱ्या मी बसून, एकेक करत चढले. डोळ्यांपुढे पाणीच हलत होतं. पण थकवा असा होता की तो मला हवासा वाटत होता. खोलीत जाऊन कडी लावून पडेन, एवढंच डोक्यात.

"तर?" मेजर म्हणाले.

"तिसरा."

"नक्की?"

"पहिला कुणीपण चालवील. तिसऱ्यासारखा नाही."

"बघ, मी म्हटलं नव्हतं हिला कळतं," मेजर सालेभाईला म्हणाले. "तिसरा ठेव."

सालेभाईनं पान्हा काढला, काळा जोड मांडीवर घेतला आणि टाचेचे तुकडे सरकवायला लागला. आठ. सात. सहा. मी जिथे बसले होते तिथून आकडे नीट दिसत होते. पाचावर आणून त्यानं स्क्रू आवळले.

"अहो, आठावर राहू द्या," मी म्हटलं.

"साहेबांनी पाच लिहून दिलंय ना," तो म्हणाला आणि खिशातून तशीच एक चिठ्ठी काढून दाखवली. वजन चोपन्न, डावा पाय पुढे, बूट पाच नंबर. वर नाव. ते माझं नव्हतं.

"ऋताचं माप आहे ते," मेजर म्हणाले. अगदी सहज. "माझी पुतणी. गेल्या वर्षी पंधरा दिवसांचा कॅम्प केलाय तिनं, सर्टिफिकेट आहे. एक तारखेपासून बॅच तीच घेणार. तिची परीक्षा चालू आहे, म्हणून म्हटलं तू ट्राय कर. वजन दोघींचं एकच. तू आहेसच की मदतीला. बायकांना जॅकेटं घालून द्यायची, पाण्यात धरायचं..."

त्यांच्या तोंडावर लाजेचा कण नव्हता. लाज वाटायला आपण काही केलंय हे आधी कळावं लागतं.

माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "किती चालवलंय तिनं?"

"दोन्हींवर छान उभी राहते. एकीवर तू शिकव तिला."

इथे मी सांगायला हवं होतं. तिच्यासाठी पहिला, निळा, दोरी बांधलेला. पंधरा दिवसांच्या कॅम्पात रुंद फळ्यांवर उभी राहिलेली पोरगी या काळ्यावर फाटून निघेल, वजन चोपन्न असो नाहीतर चाळीस. दिवसभर मी माझ्या पायांसाठी निवडलं होतं, सात वर्षं फुटक्या फळ्यांवर तयार झालेल्या पायांसाठी. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. सालेभाई अजून पान्हा हातात धरून बसला होता, निळा जोड समोर पडला होता.

मी ओढणी उचलली आणि खाली बोटीकडे गेले.

बा दोरी गुंडाळत होता. मी बोटीच्या कडेला बसले.

"तुला ठाऊक होतं?"

त्यानं दोरीचे दोन वेढे घातले. "हां."

"कधीपास्नं?"

"शिमग्यापास्नं."

"आन् दिवसभर मला वढत बसलास."

"म्हनलं नव्या फळ्यांवर येक दिस तरी हुभी ऱ्हाशील," तो म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. "सांगितलं असतं तर उतरली असतीस का पान्यात?"

मला त्या दोरीनं त्याचा गळा आवळावासा वाटला, आणि त्याच वेळी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपावंसं वाटलं. अंगात दोन्हींपैकी एकालाही जोर नव्हता.

दोरी गुंडाळून झाल्यावर तो म्हणाला, "ठके, त्या पोरीला झेपंल का त्यो काळा?"

"तुला काय करायचंय."

"साहेबाला सांग."

"तू सांग. बोट तू चालवनार हाईस."

"मला कुनी इचारलं न्हाई," बा म्हणाला. त्यानं दोरी खुंटीला अडकवली आणि हात पुसले.

वर सालेभाईची जीप सुरू झाली. निळा आणि दुसरा जोड तिच्यात होते. आम्ही दोघं ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो.

एक मेला ऋता आली. मी तिला शिव्या द्यायची पूर्ण तयारी करून बसले होते. एकोणीस वर्षांची, बारीक आवाजाची पोरगी. आल्या आल्या मला ताई म्हणाली आणि स्वतःची पिशवी स्वतः उचलली. बॅचच्या सहा बायका धक्क्यावर बसलेल्या. ऋतानं त्यांना आधी करून दाखवायचं होतं. तिच्या ओठांना रंग राहिला नव्हता. मी पाण्यात छातीपर्यंत उभी राहून तिला मागून धरलं. तिच्या पाठीचा थरकाप जॅकेटातून माझ्या हाताला लागत होता.

"गुडघे छातीशी धर," मी म्हटलं. "घाई करू नकोस."

तिनं ऐकलं. दोनदा पडली, तिसऱ्यांदा उठली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बानं वेग फार घेतला नव्हता, ते मला लांबूनही कळत होतं. विहिरीच्या वळणावर तिच्या फळ्या फाकल्या. एक इकडे, एक तिकडे. डावी निघाली नाही. पाचाच्या आकड्यावर पाय घट्ट बसला होता, आणि ती पडली तेव्हा फळी पाण्यात आडवी होऊन पाय घेऊन फिरली.

मी पोहत गेले. बानं इंजिन बंद करून बोट आणली. पायाचा घोटा उलट्या बाजूला बघत होता. ती ओरडली नाही, दातांत जॅकेटचा पट्टा धरला होता. धक्क्यावर तिला निजवून मी रबराचा जोडा चाकूनं कापायला लागले, तेव्हा तिनं पट्टा सोडला.

"सॉरी ताई," ती म्हणाली. "काका म्हणाले तुम्ही दिवसभर पाण्यात राहून माझ्यासाठी निवडलंत. मलाच जमलं नाही."

मी चाकू चालवत राहिले. बा माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला होता. त्यानं तिचा पाय दोन्ही हातांत धरून ठेवला होता, हलू नये म्हणून.

मेजर चौथ्या दिवशी पुण्याहून आले. दाढी वाढलेली. ऋताच्या पायात दोन खिळे घातले होते, पोरगी बरी होती, वर्षभर पळता येणार नव्हतं. ते धक्क्यावर माझ्यासमोर खुर्ची टाकून बसले. म्हणाले, बायका परत जायला तयार नाहीत, बॅच आता तूच घे. मागच्या खोलीची किल्ली त्यांनी टेबलावर ठेवली.

मी किल्ली घेतली. मग म्हटलं, "शिकणाऱ्यांसाठी तो निळा जोड मागवा. दोरीवाला. काळा त्यांच्या कामाचा नाही."

मेजर खुर्ची ओढून पुढे वाकले.

"हे तुला त्या दिवशी माहीत होतं?"

खाली बोटीत बा पाणी उपसत होता. डबा पाण्यावर आपटल्याचा आवाज थांबला.

"मला कुणी विचारलं नाही," मी म्हटलं.

मेजर उठले. खुर्ची त्यांनी तशीच सोडली. ते गेले. पंधरा दिवसांनी निळा जोड आला. मी अकरा वर्षं त्या क्लबात शिकवलं.

पण त्या दुपारी मेजर गेल्यावर बा पायऱ्या चढून वर आला. काखेत काळा जोड, हातात पान्हा. कापलेल्या रबराला त्यानं दाभणानं ट्यूबचं ठिगळ शिवलं होतं, कधी शिवलं कुणास ठाऊक. तो माझ्यासमोर खाली बसला. पाचावरचा स्क्रू वाळूनं धरला होता, दोन-तीनदा ठोकावा लागला. त्यानं तुकडा सरकवला. सहा. सात. आठ.

"पाय दे," तो म्हणाला.

मी डावा पाय पुढे केला. त्यानं तो हातात धरून आत घातला आणि टाचेमागे बोट घालून बघितलं.

"बसला का?"

"बसला."

त्यानं स्क्रू आवळला. वर बघितलं नाही.